भिकाजीबुवांची काळी चार

“पट्टी बदलायची नाही,” भिकाजीबुवा काचेपलीकडून म्हणाले आणि खोकले.

काचेच्या अलीकडे मी आणि शबाना. स्टुडिओ शबानाचा. तिच्या बापाचं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाचं गोदाम होतं. तो धंदा बंद पडला तेव्हा तिने मुंबईला जाऊन साउंडचा कोर्स केला आणि त्याच गोदामात स्टुडिओ काढला. भिंती जाड, आतून थर्माकोल. बोटींची इंजिनं आत ऐकू येत नाहीत. फक्त दमट दिवशी मासळीचा वास येतो. आत पाऊल टाकताच बुवांनी नाक वर केलं होतं. “श्रावणात हा वास म्हणजे देवाने घेतलेली परीक्षाच, बाई.”

इथवर सगळं ठीक होतं. मग ते गायला बसले. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ वर चढते. तिथे आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. एसी बंद करायला लावला. पाणी प्यायले. खडीसाखर तोंडात धरली. वरचा सा काही लागेना.

पट्टी म्हणजे काय ते सांगते. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. गाणारा त्यातली एक आपला ‘सा’ म्हणून धरतो आणि सगळं गाणं तिथून मोजतो. सा जेवढा वर, तेवढं गाणं वर. साधारण पुरुषाचा गळा काळी एक, काळी दोन इथे सुखाने राहतो. भिकाजीबुवा काळी चारचे. ती बरीच वर. आमच्याकडे भजनी बुवाची ओळख दोन गोष्टींनी सांगतात. एक त्याचं गाव, दुसरी त्याची पट्टी. “हेदवीकडचे काळी चारवाले” म्हटलं की गुहागरपासून देवरूखपर्यंत कुणालाही कळायचं.

आणि माझं काम काय, तेही सांगते. मी अरेंजर. चाल संगीतकार देतो, शब्द कवी देतो. चालीच्या आगेमागे काय वाजेल, बासरी कुठे येईल, कोरस कुठे उठेल, कुठे सगळ्यांनी गप्प बसायचं, हे अरेंजर ठरवतो. घर बांधणारा दुसरा, आम्ही खिडक्या-दारं ठेवणारे. खिडकी चुकली की घरात गुदमरतं. पण नाव घराचंच होतं.

हे काम आणलं होतं बुवांच्या मुलाने, प्रकाशने. तो रत्नागिरीत सरकारी नोकरीत आहे. बुवांनी स्वतः बांधलेले गजर, म्हणजे टाळांवर चढत जाणारी भजनं, आजवर कुठेही नीट रेकॉर्ड झालेले नाहीत. कॅसेटच्या काळात कंपन्या मागे लागल्या होत्या, तेव्हा बुवा म्हणाले, “समोर दुसरा बुवा नाही, माणसं नाहीत, मग भिंतीला ऐकवू काय?” आता शिष्य ते गजर आपापल्या सोयीने म्हणतात. कुणी अंतरा गाळतो, कुणी चाल सिनेमाकडे नेतो. म्हातारा गेला की गजर गेले. प्रकाशला ते नको होतं. वाडीच्या मंडळाने तर सांगूनही टाकलं होतं की यंदा गणपतीत बुवांचं रेकॉर्डिंग लागणार.

मी प्रकाशला आधीच म्हटलं होतं, मला बुवांना समोर बसवून ऐकू दे. त्याने टाळाटाळ केली. जाऊन-येऊन त्रास होतो, गणपती जवळ आलेत, पट्टी काय जन्मभर तीच आहे. मोबाईलवर एका जुन्या डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचा, व्हिडिओ पाठवला. त्यात बुवांचे केस काळे होते. मी म्हटलं, “हा माणूस आज कसा गातो ते पाठव.” तो म्हणाला, “तस्साच गातात, काकू.”

पोरांना बापाचा आवाज ऐकू येत नाही. त्यांना आठवणीतला ऐकू येतो.

बुवांना चहा द्यायला सांगितला आणि प्रकाश, शबाना आणि मी बाहेर पायरीवर आलो. प्रकाश कुजबुजत म्हणाला, “शबाना, कॉम्प्युटरवर होतं ना सगळं? त्यांना खाली गाऊ दे, तू वर चढव.”

“चढवते,” शबाना म्हणाली. “पण आधी ऐका.” तिने सकाळी माइक तपासताना बुवांनी सहज गुणगुणलेली ओळ घेतली होती. ती तिने लॅपटॉपवर चढवून दाखवली. टाळूला पेढा चिकटलेलं पोर गातंय असं वाटलं. प्रकाशने तोंड वाकडं केलं.

“मग स्केल चेंजर पेटी द्या.”

स्केल चेंजर पेटीत खालची सुरांची चौकट तशीच राहते आणि वरच्या पट्ट्या सरकवता येतात. बोटं काळी चारवरच ठेवायची, सूर मात्र काळी दोनचा निघतो. वाजवणाऱ्याची सोय म्हणून केलेली युक्ती आहे ती. प्रकाशला ती फसवायला हवी होती.

“बाबांना कळणार नाही,” तो म्हणाला. “कान कमी झालाय त्यांचा.”

“बायकोची हाक ऐकू येत नसेल,” मी म्हटलं. “सा ऐकू येतो. पेटीपुढे म्हातारा झालेला माणूस आहे तो.”

“काकू, त्यांचं मन राहील हो. बाकी कुणाचं काय जातंय?”

काय जातं ते मी पाहिलेलं होतं. माझी शाळा देवरूखकडच्या खेड्यात चौथीपर्यंत. वडील देवळात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीवर बसून मी वाजवायला शिकले. लग्न होऊन मुंबईला गेले, ती म्हातारपणीच इकडे परतले. नवरा ऑर्केस्ट्रात ढोलकीवर. एकदा त्यांचा पेटीवाला आला नाही म्हणून मला बसवलं आणि मग उठवलं नाही. पुढे कॅसेटचा सुकाळ आला. कोळीगीतं, भक्तिगीतं, लग्नाची गाणी. मला नोटेशन येत नव्हतं, आजही येत नाही. मी पेटीवर वाजवून दाखवायची आणि एक व्हायोलिनवाले काका ते त्यांच्या लिपीत उतरवून सगळ्यांना वाटायचे. कॅसेटवर माझं आद्याक्षर आणि आडनाव यायचं. लोकांना वाटायचं पुरुष असेल. काम मिळत होतं, मी कुणाला खुलासा करत बसले नाही.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पण लबाडी होती. टेप हळू चालवून गाणं घ्यायचं आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं, की आवाज वर चढतो. एका गायकाचं असं गाणं एका कंपनीने काढलं. गाणं धो-धो चाललं. मग त्याला जत्रांची आमंत्रणं आली. स्टेजवर टेप नव्हती, तोच होता. लोकांनी आधी ‘वर, वर’ म्हणून ओरडा केला, मग हसायला लागले. तो पुन्हा स्टेजवर दिसला नाही. टेप चढते, माणूस चढत नाही.

बुवांचं तर त्याहून वाईट झालं असतं. शत्रूने हसणं वेगळं. आपल्याच घरच्यांनी आपल्याला फसवलं हे त्यांना गणपतीच्या मांडवात, सगळ्या वाडीसमोर, स्पीकरवर कळलं असतं.

मी आत गेले. बुवांसमोर बसले. म्हटलं, “बुवा, तुमचा गळा आता काळी दोनचा आहे. तिथे चांगला लागेल. काळी चार सोडा.”

आत पखवाजवाला होता, त्याने मान खाली घातली. बाहेरच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. पण डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आपापले झीलकरी म्हणजे मागचे कोरसवाले घेऊन. आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांची पिसं काढतात. कुणाची चाल चोरीची, कुणाचा पखवाज ढिला, सगळं निघतं. पण त्यातही शेवटचं हत्यार एकच. ‘बुवा, पट्टी उतरली तुमची.’ ते ऐकून घेतलेला बुवा पुढच्या वर्षी बोलावला जात नाही. भिकाजीबुवांना ते आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

त्यांनी भाता मिटला. कडी लावली. पेटी पेटाऱ्यात ठेवली. सगळं सावकाश.

“बाई,” ते म्हणाले, “गोविंदबुवाचं डबलबारीत माझ्यासमोर बसण्यात उभं आयुष्य गेलं, त्याची जीभ वळली नाही हे बोलायला. तुम्ही एका चहात बोललात.”

आणि गेले.

गाडीत बसता बसता प्रकाश माझ्यावर उखडला. “तुम्हाला गोड बोलता येत नाही का हो काकू?”

“येतं. पण गोड बोलून वरचा सा लागत नाही.”

मला वाटलं, काम गेलं. कामं जातात. मी घरी येऊन डाळीला फोडणी दिली.

आठवड्याभराने प्रकाशचा फोन आला. आवाज खाली. बाबा पेटीला हात लावत नाहीत. मंडळाची पोरं विचारायला आली तर दारातून परत पाठवलं. आई म्हणते, घरात मेलेलं माणूस असल्यासारखं वाटतं. “तुम्ही बोललात, तुम्हीच काहीतरी करा.”

“मी खोटं बोलणार नाही.”

“नका बोलू. पण या.”

गेले. जयगडला प्रकाशबरोबर फेरीबोट धरली. तवसाळला उतरून पुढे हेदवीच्या रस्त्याला लागलो. बुवांची वाडी रस्त्यापासून खाली, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरून. माझे गुडघे आता पाखाडीचे राहिलेले नाहीत. प्रकाश पुढे गेला, मी वाटेकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्याला हात टेकत मागून. दिवेलागण झाली होती. मधेच मी थांबले. आधी दम लागला म्हणून, मग कानावर आलं म्हणून.

घरातून गाणं येत होतं. पेटी नाही, पखवाज नाही, नुसता आवाज. भिकाजीबुवा देवासमोर बसून त्यांचाच तो गजर म्हणत होते. आवाज कुठेही फाटत नव्हता. खाली जात होता तिथे तर असा भरून येत होता, विहिरीत कळशी बुडताना येतो तसा. हा खालचा आवाज मी त्यांच्या कुठल्याही व्हिडिओत ऐकला नव्हता. ऐकणार कसा? काळी चारवर गाणारा माणूस इतका खाली कधी उतरतच नाही.

मी मनात पट्टी मोजली. काळी दोनच्याही थोडी खाली.

पडवीत बुवांच्या बायकोने पाण्याचा तांब्या दिला. मी विचारलं, “वहिनी, हे रोज असंच म्हणतात?”

“रोज. कैक वर्षं झाली.” मग आत बघून हळू म्हणाल्या, “पेटी घेतली की मग गळ्याच्या शिरा दिसतात. मला बघवत नाही गो. पण सांगणार कोण?”

बुवा बाहेर आले. मला बघून क्षणभर थबकले, मग खुर्चीवर बसले. “काय बाई, पुन्हा काही सांगायचं राहिलं?”

“राहिलं नाही. ऐकायचं राहिलं होतं, ते आता ऐकलं. पाखाडीवर उभी राहून.”

त्यांच्या लक्षात आलं. “ते देवाचं. लोकांचं वेगळं.”

“देवाला काळी दोन चालते आणि वाडीला चालत नाही? वाडी एवढी मोठी कधीपासून झाली?”

“वाडीचं नाही हो.” ते चिडले. “समोर गोविंद असतो. मी खाली बसलो की तो वरून बोलणार. त्याचे झीलकरी टाळ्या देणार. माझ्या मागची पोरं खाली बघणार. त्या पोरांनी माझ्यापायी माना ताठ केल्या आहेत. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही काचेमागे बसता.”

यात खोटं काही नव्हतं. मी काचेमागेच बसते. मला कुणी समोरून बोलत नाही.

मी म्हटलं, “बुवा, रेकॉर्डिंगमध्ये गोविंदबुवा नसणार.”

“ऐकणार तर आहे. आजकाल मोबाईलवर घरोघर जातं ते.”

वहिनींनी आतून वाटीत चण्याची उसळ आणली. बुवा म्हणाले, “अगो, त्यांना चमचा दे.” म्हणजे राग पूर्ण नव्हता.

उसळ खाता खाता मी पेशाची गोष्ट सांगितली. वर चढायची जागा गजरात येते तिथे तुम्ही चढायचंच कशाला? ती ओळ झीलकऱ्यांना देऊ. ते चढतील. तुम्ही खाली तुमच्या जागेवर उभे राहा, खांबासारखे. ऐकणाऱ्याला चढ मिळेल आणि तुमचा आवाजही मिळेल. माझ्या कामात अर्धी अक्कल हीच असते. गाणाऱ्याला जे जमत नाही ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं आणि असं करायचं की ते मुद्दाम केल्यासारखं दिसावं.

“आणि सिंथ, गिटार वगैरे?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. पेटी, पखवाज, टाळ. तुमचीच पेटी, तुमचेच झीलकरी.”

“स्केल चेंजर नाही?”

मी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश उसळीकडे बघत राहिला. बुवांना सगळं ठाऊक होतं. म्हणाले, “ह्याने घरीही एक आणून ठेवली होती. पहिला सूर लावला आणि ओळखली. बोललो नाही. पोराने बापाला लबाडी करून जिंकवायचं ठरवलं, त्याला काय बोलणार?”

मग ते उठले आणि आत जाता जाता म्हणाले, “शनिवारी येतो. पण एक अट आहे. सुरुवातीला मी काय बोलेन ते कापायचं नाही.”

शनिवारी वाडीचे झीलकरी टेम्पो ट्रॅव्हलर करून आले. पखवाजवाल्याने दुसरा पखवाज आणला, कारण पखवाजही पट्टीला मिळवावा लागतो आणि काळी चारचा पखवाज काळी दोनला बद्द वाजतो. बुवांनी पेटी मांडली. शबानाने खूण केली, चालू. बुवा माइकजवळ आले आणि डबलबारीत बोलतात त्या खणखणीत आवाजात बोलले:

“ऐका हो मंडळी. आजवर तुम्ही भिकाजीला काळी चारमध्ये ऐकलात. ती पट्टी तरुणपणाची होती. तरुणपण गेलं, ती घेऊन गेलं. आजची पट्टी काळी दोन. समोरच्या बुवांना काही बोलायचं असेल तर त्यांनी आधी स्वतःची सांगावी.”

आणि लगेच सूर धरला.

गजर एका दमात झाला. जिथे वर चढायचं तिथे मागची पोरं अशी उठली की शबानाला आवाज खाली ओढावा लागला. बुवा जागचे हलले नाहीत. शेवटच्या ओळीला एकटेच खाली उतरले, पाखाडीवर ऐकला होता तिथपर्यंत. पखवाजवाला हात वर धरून तसाच थांबला. ती जागा मी ठरवलेली नव्हती. पण मी ती ठेवली.

ऐकून झाल्यावर प्रकाश माझ्याजवळ आला. “काकू, ते सुरुवातीचं बोलणं कापू या. आपणच कशाला सांगायचं? कुणाला कळलंही नसतं.”

क्लायंट तो होता. एरवी मी बोलणं कापतेच, गाण्याआधीचं बोलणं लोक पुढे ढकलतात. मी काही म्हणायच्या आत बुवा काचेपलीकडून म्हणाले, “मेल्या, माइक चालू आहे, ऐकू येतंय मला. समोरचा बोलायच्या आधी आपण बोलायचं. डबलबारीतला पहिला धडा आहे हा. एवढी वर्षं माझ्यामागे टाळ वाजवलास, काय शिकलास?”

झीलकरी हसले. प्रकाशही हसला, जरा उशिरा. बोलणं राहिलं.

गणपतीत ते वाडीवर लागलं. मोबाईलवरूनही गेलं. काही लोक बोलले. एकाने लिहिलं, म्हातारा संपला. एकाने लिहिलं, हा आवाज आधी कुठे होता. दोन्ही गोष्टींनी माझं काही अडलं नाही.

विसर्जन झाल्यावर बुवांचा फोन आला. ते फोनवर ओरडून बोलतात, पलीकडचा माणूस खाडीच्या पल्याड उभा असल्यासारखे.

“बाई! गोविंदाचा फोन आला होता.”

“काय म्हणाले?”

“आधी शिव्या दिल्या. म्हणाला, अरे भिक्या, हे सांगायला एवढी वर्षं लावलीस? माझा गळा तुझ्या आधी बसलाय. तू उतरत नाहीस म्हणून मी वर टांगलेला. दर डबलबारीनंतर मला आठवडाभर बोलता येत नाही, बायको खुशीत असते.”

बुवा हसत होते. मग हसणं थांबलं आणि म्हणाले, “मी त्याच्यासाठी वर, तो माझ्यासाठी वर. कुणी सांगितलं होतं हो आम्हाला?”



नवरात्रात दोघांची डबलबारी झाली. मी गेले नाही, गुडघे. शबाना गेली होती माइक घेऊन. ती म्हणाली, दोन्ही बुवांनी आधी आपापली पट्टी सांगितली. गोविंदबुवांनी काळी एक सांगितली. त्यावर भिकाजीबुवा माइकवर म्हणाले, “बुवा, पट्टी उतरली तुमची,” आणि मांडव हसून हसून खाली बसला. कुणी पुढच्या वर्षीचं बोलावणं बंद केलं नाही.

मी तेव्हापासून एक नियम केला आहे. कुणी जुना व्हिडिओ पाठवला की मी तो उघडत नाही. गाणाऱ्याला आणा म्हणते, आणि आला की आधी त्याला गायला लावत नाही. घरी देवासमोर काय म्हणता, ते म्हणून दाखवा, असं सांगते. पट्टी तिथून घेते. माणूस नास्तिक असला तर आंघोळ करताना काय म्हणता, ते विचारते.